दूरस्थ विद्यार्थी आणि आचार्याचे नवे शिक्षण

शिकू इच्छिणारा मनुष्य आणि शिकविणारा आचार्य यांच्यामध्ये गावांचे, नद्यांचे व दारिद्र्याचे अंतर असणे ही काही आजची गोष्ट नाही. आज नवे आहे ते हे की, मोबाइल व इंटरनेट यांच्या साहाय्याने एका ठिकाणी बसलेला आचार्य शेकडो कोसांवरील विद्यार्थ्याशी त्याच क्षणी बोलू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीबरोबरच पाली भाषेलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली शिकण्याची इच्छा असूनही जवळपास आचार्य नाही, अशा उपासक-उपासिकांना ऑनलाइन वर्ग हा मोठा आधार वाटू लागला आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु साधन हाती आले म्हणजे त्या साधनाने शिकविण्याची विद्याही आली, असे मानता येत नाही. वर्गात अनेक वर्षे उत्तम अध्यापन केलेला आचार्यसुद्धा दूरस्थ विद्यार्थ्यापुढे पुन्हा विद्यार्थीच होतो. त्याला नव्याने काय शिकावे लागते, आणि ते तो न शिकल्यास कोणाचे नुकसान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: दूरशिक्षणात व्याख्यान विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे हा कामाचा लहान भाग होय. विद्यार्थ्याने केलेला अभ्यास आचार्याकडे यावा आणि त्यावर आचार्याचे उत्तर विद्यार्थ्याकडे परत जावे, या देवाणघेवाणीत खरे शिक्षण घडते.

अंतर कशाचे?

दूरशिक्षणाचा आधुनिक इतिहास पाहिला तरी हीच गोष्ट दिसते. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी उतारे लघुलिपीत लिहून पाठवीत आणि ते तपासून, दुरुस्त करून परत केले जात. टपालाने पाठ पाठविणे कोणालाही शक्य होते. पिटमन यांच्या पद्धतीचे सामर्थ्य दुरुस्त होऊन परत येणाऱ्या कागदात होते.

याच तत्त्वाला पुढे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने संस्थेचे रूप दिले. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५,००० विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू केले. प्रवेशासाठी पूर्वीच्या शैक्षणिक पात्रतेची अट नव्हती. बीबीसीवरून प्रसारित होणाऱ्या व्याख्यानांमुळे त्याचा बोलबाला झाला खरा. पण विद्यार्थ्याला तारून नेणारी व्यवस्था निराळी होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असे. विद्यार्थी स्वाध्याय टपालाने पाठवीत, मार्गदर्शक त्यावर सविस्तर अभिप्राय लिहीत, आणि त्या अभिप्रायांचेही नमुने काढून वरिष्ठ अध्यापक ते तपासत. विद्यार्थ्याच्या उत्तराबरोबर शिक्षकाच्या उत्तराचीही परीक्षा होई. शिक्षकाने दूरवरून शिकविणे शिकावे यासाठी केलेली ही योजना आम्हांस फार मोलाची वाटते. आपल्याकडे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. स्वाध्याय, अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र हे शब्द त्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत.

मायकेल मूर या शिक्षणतज्ज्ञांनी या अनुभवातून एक महत्त्वाचा विचार मांडला. त्यांच्या मते दूरशिक्षणातील अंतर मैलांत मोजावयाचे नसते. ते समजुतीतील अंतर असते. शिक्षक व विद्यार्थी यांच्यात संवाद किती आहे, अभ्यासक्रमाची रचना किती बंदिस्त वा लवचिक आहे, आणि विद्यार्थ्याची स्वतःहून शिकण्याची क्षमता किती आहे, या तीन गोष्टींवर ते कमी-जास्त होते. या दृष्टीने पाहता दोनशे विद्यार्थ्यांच्या सभागृहात शेवटच्या बाकावर बसून कधीही प्रश्न न विचारणारा विद्यार्थी फार दूर असू शकतो, आणि दुर्गम वाडीतून दर आठवड्याला आपली वही पाठवून आचार्यांचे उत्तर मिळविणारा विद्यार्थी जवळ असू शकतो.

उघडलेले दार आणि रिकामा वर्ग

इ. स. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुले केले. ज्ञानाची मक्तेदारी संपली, आता कोणत्याही देशातील गरीब विद्यार्थी जगातील श्रेष्ठ प्राध्यापकांकडून शिकेल, अशी मोठी आशा तेव्हा व्यक्त झाली. हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील अशा अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा निराळे चित्र समोर आले. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे केवळ ३.१३ टक्के होते. शिवाय नोंदणीतील वाढ मुख्यत्वे संपन्न देशांतूनच झालेली होती. केवळ कुतूहलाने नाव नोंदविणारेही त्यांत पुष्कळ असतात, हे मान्य केले पाहिजे. शुल्क भरून प्रमाणपत्राची इच्छा धरणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. परंतु ज्यांच्यासाठी दार उघडले असे म्हटले गेले, ते त्या दारातून फारसे आत आले नाहीत, हा निष्कर्ष टळत नाही.

आपल्या देशात २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन एकाएकी ऑनलाइन झाले. त्यापूर्वीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के व शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांतच इंटरनेटची सोय होती. संगणक असलेली कुटुंबे देशभरात ११ टक्क्यांच्या आसपास होती. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला. तरी एका घरात एकच मोबाइल, तो दिवसा वडिलांबरोबर कामावर, आणि रात्री तीन भावंडांत वाटून, अशी स्थिती असलेल्या घरांची कल्पना करणे आपणांस अवघड नाही.

हा प्रश्न आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घरी शंका विचारण्यास कोणी नसते. तो अडखळला, तर त्याचे अडखळणे वर्गातील शिक्षकालाच दिसू शकते. ऑनलाइन वर्गात तेही दिसेनासे होते. सुस्थित घरातील मुलाला न समजलेला भाग दुसरा कोणी समजावून देतो. आपला विद्यार्थी मात्र शांतपणे वर्गातून नाहीसा होतो, आणि आपली बुद्धी कमी पडली असे समजतो. पूज्य बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या द्वारे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले, तेव्हा विद्यार्थी जेथे आहे व ज्या स्थितीत आहे तेथपर्यंत शिक्षणसंस्थेने गेले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. ऑनलाइन शिकविणाऱ्या आचार्यानेही हीच दृष्टी बाळगावयास हवी.

आचार्याने काय शिकावे?

पहिली गोष्ट, पाठाची विभागणी. वर्गात तासभर बोलणारा आचार्य ऑनलाइनही तासभर बोलतो. वर्गात तो विद्यार्थ्यांचे चेहरे पाहून मध्येच थांबत असे, उदाहरण देत असे. येथे त्याला चेहरे दिसत नाहीत, म्हणून तो थांबतही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडेक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील दृक्‌श्राव्य पाठ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासण्यात आल्या. पाठ कितीही लांब असो, विद्यार्थी सामान्यतः सहा मिनिटांपलीकडे त्यात टिकत नव्हते. यावरून सर्व विषय सहा मिनिटांत उरकावेत असा अर्थ कोणी काढू नये. एका वेळी एकच मुद्दा सांगावा, आणि त्यानंतर विद्यार्थ्याला काहीतरी करावयास द्यावे, एवढाच त्याचा बोध आहे.

दुसरी गोष्ट, आठवून सांगण्याचे महत्त्व. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला; इतरांनी तो एकाच वेळच्या सत्रात वाचला आणि नंतर तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पहिल्या गटाला ८३ टक्के व दुसऱ्या गटाला ७१ टक्के मजकूर आठवत होता. आठवड्यानंतर मात्र पहिल्या गटाला ४० टक्के, तर दुसऱ्याला ६१ टक्के आठवला. ज्या परंपरेने शेकडो वर्षे बुद्धवचन लेखनावाचून, सामूहिक पठणाने जपले, त्या परंपरेच्या अभ्यासकांना याचे नवल वाटू नये. ध्वनिमुद्रित व्याख्यान पुन्हापुन्हा ऐकणारा विद्यार्थी समजले अशा समाधानात राहतो. पुस्तक मिटून लिहावयास लावलेला विद्यार्थी आपले खरोखर काय राहिले ते जाणतो.

तिसरी गोष्ट, विद्यार्थ्याजवळ आधीच असलेल्या ज्ञानापासून आरंभ करणे. दूरस्थ विद्यार्थी पहिल्या दोन आठवड्यांत टिकला तर पुढे टिकण्याची आशा असते. म्हणून पहिलाच पाठ त्याला परका वाटता कामा नये. पालीचेच उदाहरण घेऊ. पाली व्याकरणाचा आरंभ सामान्यतः विभक्तीच्या तक्त्यांनी होतो, आणि तक्ता पाहूनच अनेकजण मागे फिरतात. वास्तविक आपल्या घरातील लहान मुलालाही त्रिशरण-पंचशील मुखोद्गत असते. त्रिशरणातील बुद्धं, धम्मं, सङ्घं या शब्दांच्या अंती अनुस्वार का आहे, एवढाच प्रश्न विद्यार्थ्याला विचारावा. जेथे शरण जावयाचे ते क्रियेचे कर्म, म्हणून द्वितीया विभक्ती, हे त्याला चटकन उमगते. त्यानंतर पंचशीलाकडे वळावे. पाणातिपाता, अदिन्नादाना, मुसावादा हे शब्द आकारान्त का दिसतात? कारण त्यांपासून विरत व्हावयाचे आहे. मराठीत जेथे आपण ‘पासून’ हा शब्द लावतो, तेथे पालीत पंचमीचा हा प्रत्यय येतो. अशा रीतीने पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या लक्षात येते की, आपण वर्षानुवर्षे दोन विभक्त्या शुद्ध उच्चारीत आलो आहोत. न पाहिलेल्या आचार्यावर विश्वास बसण्यास याहून चांगला आरंभ नाही.

परत येणारी वही

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तर देण्याची कला. वरील उदाहरण थोडे पुढे नेऊ. समजा, एका विद्यार्थ्याने ‘अदिन्नादाना’ हे अनेकवचन मानून भाषांतर केले. ही चूक निर्बुद्धपणाची नाही. ‘बुद्धो’ या प्रथमेच्या एकवचनाचे अनेकवचन ‘बुद्धा’ असे होते, आणि पंचमीच्या एकवचनातही ‘बुद्धा’ हे रूप येते. विद्यार्थ्याने नियम लावला, पण शेजारचा शब्द पाहिला नाही. आचार्याने तेथे फक्त फुली मारली, तर विद्यार्थी इतकेच शिकतो की आपण चुकलो. योग्य रूप लिहून दिले, तर तो ते पाठ करतो आणि पुढील वाक्यात पुन्हा चुकतो. परंतु ‘आपण लावलेला नियम खरा आहे, मात्र या शब्दानंतर वेरमणी, म्हणजे विरती, हा शब्द आहे. विरती कशापासून होते ते पाहून हेच वाक्य पुन्हा लिहा,’ असे दोन ओळींचे उत्तर दिले, तर विद्यार्थ्याला आपली चूक कोठे झाली ते कळते, आणि तो स्वतः ती दुरुस्त करतो.

असे उत्तर लिहिताना काही पथ्ये पाळावी लागतात. उत्तर लवकर जावे. तीन आठवड्यांनी आलेला अभिप्राय विद्यार्थ्याच्या कामाचा राहत नाही. एका वेळी एक-दोन मुद्देच सांगावेत. लाल शाईने भरलेले पान धीर खचविते. जे बरोबर आहे ते नेमके कोणते, हेही लिहावे. ‘छान’ या शब्दाने काहीच बोध होत नाही. आणि विद्यार्थ्याने पुन्हा काय करावयाचे, हे शेवटी स्पष्ट सांगावे. समोरासमोर बोलताना स्वरातील कठोरपणा चेहऱ्यावरील स्मिताने झाकला जातो. लेखी शब्दाला चेहरा नसतो. म्हणून दूरस्थ विद्यार्थ्याला लिहिताना आदरार्थी संबोधन व सौम्य भाषा यांची अधिक गरज असते.

एक आचार्य किती विद्यार्थ्यांना असे उत्तर देऊ शकेल, हा व्यावहारिक प्रश्न येथे उद्भवतो. पाचशे जणांना व्याख्यान देता येईल, पण पाचशे वह्या एकट्याने तपासता येणार नाहीत. म्हणून वर्ग सुरू करतानाच वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक सहाय्यक आचार्य मिळेल का, याचा विचार संस्थेने करावा. पूर्वी तो अभ्यासक्रम पूर्ण केलेले उपासक-उपासिका हे काम उत्तम करू शकतात. शिकवून त्यांचेही ज्ञान पक्के होते. सहाय्यकांची सोय नसेल, तर प्रवेशसंख्या मर्यादित ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

पाचवी गोष्ट, संघभाव. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अध्यापन केलेल्या गिली सॅमन यांनी २००० साली ऑनलाइन मार्गदर्शनाच्या पाच पायऱ्या मांडल्या. आधी विद्यार्थ्याला प्रवेश मिळावा व उत्साह वाटावा. मग परस्परांची ओळख व्हावी. मग माहितीची देवाणघेवाण. मग एकत्र विचार करून ज्ञानाची उभारणी. आणि अखेरीस स्वतःच्या अभ्यासाची दिशा स्वतः ठरविण्याचे सामर्थ्य. घाईने तिसरी-चौथी पायरी गाठू पाहणारा आचार्य चर्चेचे आवाहन करतो आणि कोणीच बोलत नाही, याचे कारण पहिल्या दोन पायऱ्या झालेल्या नसतात. भगवान बुद्धांच्या अनुपुब्बिकथेतही ऐकणाऱ्याचे चित्त क्रमाक्रमाने तयार झाल्यावरच मुख्य विषय सांगितला जाई, हे येथे आठवते. चार-पाच विद्यार्थ्यांचे लहान गट करून त्यांनी आठवड्यातून एकदा परस्परांचे पठण ऐकावे, एवढ्यानेही एकटेपणा पुष्कळ कमी होतो.

सहावी गोष्ट, सर्वांत दुर्बळ साधन असलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून पाठ रचणे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने चालणाऱ्या तासाभराच्या दृक्‌श्राव्य वर्गास ४५० मेगाबाइट डेटा लागतो. तोच विषय दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात, सेकंदाला ३२ किलोबिट या प्रमाणात, सांगितला तर अडीच मेगाबाइटांहून कमी पुरतात, आणि सोबतची दोन पानांची टिपणे त्याहूनही कमी जागा घेतात. भाषा शिकविताना उच्चार ऐकू येणे महत्त्वाचे. आचार्याचा चेहरा सतत दिसण्याची तितकी आवश्यकता नसते. विद्यार्थ्यानेही आपली वही मोबाइलने टिपून पाठवावी. टंकलेखनाची सक्ती नको. ठरावीक वेळेचा थेट वर्ग आठवड्यातून एकदा, शंकानिरसनासाठी ठेवावा, आणि तो चुकल्यास विद्यार्थी मागे पडणार नाही अशी व्यवस्था असावी.

सवलत कोठे द्यावी, कोठे देऊ नये

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, इतक्या सवलती दिल्यास शिक्षणाचा दर्जा खालावेल. या प्रश्नाचा विचार विनयपिटकात फार पूर्वी झालेला आहे. अवन्ती देशात महाकच्चान स्थविरांजवळ सोण कुटिकण्ण नावाचा तरुण प्रव्रजित झाला. उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता. परंतु त्या दूरच्या प्रदेशात भिक्खू इतके थोडे की, दहाजण जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास निघाला, तेव्हा महाकच्चानांनी अवन्ती-दक्षिणापथाच्या अडचणी त्याच्याकरवी कळविल्या. भगवंतांनी सीमेवरील प्रदेशांसाठी नियम शिथिल केला आणि पाच जणांच्या गणास उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. मात्र त्या पाचांत एक विनयधर असलाच पाहिजे, असे सांगितले. तेथील खडकाळ जमीन लक्षात घेऊन पादत्राणांविषयीचा नियमही सैल करण्यात आला.

या प्रसंगातील विवेक दूरशिक्षणाला जसाच्या तसा लागू पडतो. संख्या, साधने, वेळ व स्थळ यांत सवलत दिली गेली. जाणकार शिक्षकाच्या उपस्थितीत दिली गेली नाही. आपणही थेट वर्गाची उपस्थिती, टंकलेखन, ठरावीक वेळ यांत उदार असावे. स्वाध्याय व त्यावरील आचार्याचे उत्तर यांत मात्र काटकसर करू नये. आज अनेक ठिकाणी नेमके उलट घडते: उपस्थितीची काटेकोर नोंद होते, आणि वही कोणी पाहत नाही.

सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक कथा आहे. गोदावरीच्या तीरावर राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान म्हणजे पैठणमार्गे उत्तरेकडे मगधापर्यंत गेले आणि प्रत्येकाने भगवंतांना आपापला प्रश्न विचारला. भगवंतांनी सोळाजणांना एकच प्रवचन दिले नाही. ज्याचा जो प्रश्न, त्याला त्याचे उत्तर दिले. त्यांतील वृद्ध पिंगिय परत बावरीकडे आला. देह थकल्यामुळे आपण तेथे जाऊ शकत नाही, तरी मनाने आपण गोतमापासून क्षणभरही दूर नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ज्याला आपल्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले, त्याला अंतर जाणवत नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

ऑनलाइन अध्यापन करू इच्छिणाऱ्या विहारांना व संस्थांना आमची विनंती एवढीच आहे की, नवा वर्ग जाहीर करण्यापूर्वी कोणता कॅमेरा घ्यावा याची चर्चा थोडी बाजूला ठेवून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. विद्यार्थी दर आठवड्याला कोणते काम करून पाठवील? ते कोण तपासील, आणि किती दिवसांत? दोन आठवडे ज्याची वही आली नाही, त्याला फोन कोण करील? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेजवळ आहेत, तिच्याजवळ साधने साधी असली तरी तिचे विद्यार्थी अखेरपर्यंत टिकतील, असा विश्वास आम्हांस वाटतो.